मातीचं काम पुन्हा पुन्हा तडकतंय? आधी तडा कुठे गेलाय ते बघा

गेल्या मार्चमध्ये मी आजीचं शिल्प केलं होतं. मांडी घालून गहू निवडायला बसलेली आजी, मांडीवर सूप, उंची साधारण ५५ सेंटिमीटर. तीन आठवडे काम, दहा दिवस वाळवण. भट्टी उघडली तेव्हा आजीची अर्धी पाठ खाली शेल्फवर तुकड्यांत पडली होती, आणि उडालेल्या तुकड्यांनी एका मैत्रिणीच्या दोन सुरयांना टवके पाडले होते. त्याचं वाईट मला माझ्या कामापेक्षा जास्त वाटलं.

त्याआधीच्या दोन कामांना वाळतानाच तडे गेले होते. एकाची मान, एकाचा तळ. दरवेळी मी मातीला दोष दिला आणि दुसरीकडून माती आणली. या वेळी भट्टी सांभाळणाऱ्या काकांनी एक तुकडा उचलला, फुटलेल्या कडेवर बोटं ठेवून जाडी दाखवली. चार सेंटिमीटरच्या वर होती. "माटीने उतावळ ना फावे," (मातीला घाई मानवत नाही) एवढंच गुजरातीत म्हणाले आणि तुकडे माझ्या हातात दिले. ते मी अजून जपून ठेवलेत.

तेव्हापासून तडा गेलेल्या प्रत्येक कामाची मी वहीत नोंद ठेवते, माझ्याही आणि इतरांच्याही. तडा कुठे गेला, कधी दिसला, तिथे जाडी किती होती, आत काय होतं, वाळवलं कुठे. वही भरत गेली तसं लक्षात आलं, की तड्याची जागा आणि तो दिसल्याची वेळ या दोन गोष्टींतच बहुतेक वेळा कारण सापडतं. माती बदलणं हा शेवटचा उपाय आहे. मी स्वतः तो सगळ्यात आधी करत होते, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

तडा जातोच का

ओल्या मातीत अतिसूक्ष्म, चपट्या पापुद्र्यांसारखे कण असतात आणि दोन कणांमध्ये पाण्याचा थर असतो. पाणी उडतं तसे कण जवळ सरकतात आणि काम आकसतं. टेराकोटाची माती वाळताना साधारण ५ ते ८ टक्के आकसते. फार चिकट, लोण्यासारखी माती त्याहून जास्त. कण एकमेकांना टेकले की आकसणं जवळजवळ थांबतं. उरलेलं पाणी मग कणांमधल्या फटींतून निघून जातं, पण आकार फारसा बदलत नाही. हा क्षण डोळ्यांना दिसतो. लेदर-हार्ड, म्हणजे चामड्यासारखी घट्ट पण अजून ओलसर, झालेली माती पुढे गडद रंग सोडून फिकी पडायला लागते, तो हाच टप्पा.

सगळं काम एका चालीने आकसलं तर तडा जायचं कारणच उरत नाही. एक भाग आधी आकसून घट्ट बसला आणि दुसरा अजून ओला आहे, अशा वेळी दोघांमध्ये ओढाताण होते आणि सगळ्यात कमकुवत जागा सुटते. आमच्याकडे आजी उडदाचे पापड आधी सावलीत पसरते. लाटल्यालाटल्या थेट उन्हात टाकले तर कडा आधी वाळतात आणि पापड वळतो. मातीची पाटी, म्हणजे सपाट थापलेला तुकडा, वळते तीही अशीच. फक्त पापड वळला तरी तळता येतो, दोन सेंटिमीटर जाडीची पाटी मात्र वळता वळता फाटते.

म्हणून माती फिकी पडेपर्यंतचे दिवस जपायचे. एकदा सगळं काम एकसारखं फिकं झालं की उन्हात ठेवलं तरी चालतं. आम्ही बहुतेक जण नेमकं उलटं करतो. सुरुवातीला पंख्याखाली ठेवतो आणि शेवटी घाबरून प्लास्टिक गुंडाळतो.

तळाला गेलेला तडा

तळाच्या तड्यांचे दोन प्रकार मला सतत दिसतात. पहिला कडेला रुंद असतो आणि आत जाताना निमुळता होत संपतो. याचा अर्थ कड उघडी राहिली, ती आधी आकसायला लागली आणि मधल्या ओल्या भागाने तिला आकसू दिलं नाही. दुसरा तडा मधोमध असतो, कडेपर्यंत पोचत नाही. इथे कड आधी वाळून कडक झाली, नंतर मधला भाग आकसायला लागला तेव्हा त्याला आत ओढायला काही उरलंच नव्हतं. कारण एकच, फक्त तडा कोणत्या दिवशी गेला ते वेगळं. चाकावरच्या भांड्याच्या बुडाला इंग्रजी एस अक्षरासारखा तडा जातो तो याच दुसऱ्या जातीचा. तिथे बूड पुरेसं दाबलेलं नसतं हेही कारण असतं.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे वर्गात कुणाचं लक्ष नसतं: काम ज्या पाटावर आहे तो पाट. ३० सेंटिमीटर लांबीचा तळ ७ टक्के आकसणार असेल तर तो दोन सेंटिमीटरहून थोडा जास्त लहान होणार. म्हणजे दोन्ही बाजूंनी साधारण एकेक सेंटिमीटर आत सरकायचं. ओली माती थेट प्लायवर किंवा सनमायकावर थापली तर ती पाटाला धरून बसते, सरकू शकत नाही, आणि मग तळ मधूनच फाटतो. माझ्या दुसऱ्या कामाचं हेच झालं होतं.

उपाय अगदी स्वस्त आहे. पाटावर बारीक वाळूचा किंवा ग्रॉगचा (भाजलेल्या मातीच्या चुऱ्याचा) पातळ थर, त्यावर वर्तमानपत्राचे दोन-तीन कागद, त्यावर काम. आकसताना काम कागदासकट वाळूवर घसरतं. काम उचलण्याइतकं घट्ट झालं की त्याला दोन पट्ट्यांवर किंवा लोखंडी जाळीवर ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागेल. कडेभोवती प्लास्टिकची चार बोटं रुंद पट्टी गुंडाळा आणि मधला भाग उघडा ठेवा, म्हणजे कड थोडी थांबेल आणि मधला भाग तिला गाठेल. तळ दोन सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर लेदर-हार्ड असताना काम आडवं करून लूप टूलने (टोकाला तारेचं कडं असलेल्या कोरायच्या हत्याराने) तो खालून कोरून काढा.

पाटी फार मोठी असेल, म्हणजे दीड-दोन फुटांचं उठावशिल्प असेल, तर मी सरळ सांगेन की ती अखंड करण्याचा हट्ट सोडा. बडोद्यात अनेक वर्षं कला शिकवलेल्या चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी १९६३ मध्ये लखनौच्या रवींद्रालयासाठी टेराकोटाचं मोठं भित्तिशिल्प केलं, ते सुट्या तुकड्यांतून बांधलेलं आहे. तिथल्या फटी काम बिघडवत नाहीत. तुमच्या रचनेत रेघ कुठे जाते, वस्त्राची कड कुठे येते, तिथे काप घ्या. लेदर-हार्ड असताना सुरीने कापलेली फट सरळ असते. मातीने स्वतः घेतलेली फट नाकावरून जाते.

जोडाला गेलेला तडा

हा सगळ्यात जास्त वेळा होणारा, आणि मन लावून काम करणाऱ्यांच्याच वाट्याला येणारा. डोकं काल केलं, कान आज लावला. हात सोमवारी, बोटं बुधवारी. जुना भाग अर्धा आकसून झालेला असतो, नवा भाग ओलाकच्च. नवा भाग आकसायला लागतो तेव्हा जुना त्याच्याबरोबर येत नाही, आणि जोडावर केसाएवढी रेघ उमटते. दोन दिवसांनी त्या रेघेत नख जातं.

जोडण्याआधी दोन्ही भागांची ओल सारखी हवी. जुना भाग सुकत चालला असेल तर त्यावर ओलं फडकं आणि प्लास्टिक रात्रभर ठेवा, तो परत मऊ येतो. मग दोन्ही बाजूंना आडवे-उभे खोल ओरखडे काढा, त्याच मातीची दाट स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली माती, लावा, आणि नुसतं टेकवू नका, किंचित डावी-उजवीकडे घुसळत दाबा. कडेने स्लिप बाहेर आली पाहिजे. जोडावर मऊ मातीची बारीक वळी बसवून ती लाकडी टूलने आत दाबा. इतपत सगळ्यांना शिकवलेलं असतं. राहून जातं ते पुढचं: जोडून झाल्यावर सगळं काम प्लास्टिकमध्ये बंद करून निदान एक-दोन दिवस तसंच ठेवायचं. या वेळात स्लिपमधलं पाणी दोन्हीकडे पसरतं आणि दोन भाग एका ओलीवर येतात. माझ्या वहीत जोडाला तडा गेलेल्या बहुतेक नोंदींपुढे "लगेच उघडं ठेवलं" असं लिहिलेलं आहे.

जाडीतला फरकही इथेच त्रास देतो. बारीक मान आणि जड डोकं, पातळ सूप आणि जाड मांडी. बारीक भाग आधी वाळणारच. त्याला वेगळी पट्टी गुंडाळा, जाड भाग उघडा ठेवा. मी बोटांना आणि कानांना दूध-पिशवीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या गुंडाळते, त्या छान चिकटून बसतात.

गणपतीच्या आधी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आत्याच्या शेजारच्या काकूंनी मला घरी बोलावलं होतं. शाडूच्या मूर्तीची सोंड दरवर्षी मुळाशी तडकते म्हणाल्या. मूर्ती भाजायची नसते, पण शाडू बारीक आणि चिकट, त्यामुळे आकसते भरपूर. सोंड बारीक, पोट भरीव, आणि त्या मूर्ती रोज सकाळी गच्चीवर उन्हात नेऊन ठेवत होत्या. त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. पोट मागून पोकळ करा. सोंड आणि हात जोडल्यावर मूर्ती दोन दिवस झाकून ठेवा. आणि शाडूत भिजवून कुटलेला कागदाचा लगदा मिसळा, कारण त्याचे तंतू मातीला धरून ठेवतात. सोंडेत काडी घालायचीच असेल तर तिला कागदाचा एक वेढा द्या, म्हणजे माती आकसताना दबायला जागा राहील. त्या वर्षी सोंड टिकली. काकूंनी मोदकांचा डबा पाठवला, आणि माझ्या वहीत तडा न गेलेल्या कामाची ती पहिली नोंद आहे.

आत सळई किंवा दुसरं काही असेल तर

कलाशिक्षणाच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला निरनिराळी त्रिमित माध्यमं हाताळायची असतात. तार, पत्रा, ताग, लाकूड, पीओपी, कागद. साहजिकच प्रत्येकाला ती मातीत मिसळून बघावीशी वाटतात, आणि बघावीतच. फक्त एक ध्यानात ठेवा. जे आकसत नाही त्याच्याभोवती आकसणारी माती बांधली की माती फाटणार. सळईच्या लांबीने सरळ गेलेला तडा दिसला तर दुसरं कारण शोधायचं कामच नाही.

पीओपीचा साचा काढण्यासाठी केलेल्या पोर्ट्रेटला आर्मेचर, म्हणजे आतला सळईचा आधार, चालतं, कारण ती माती आपण ओलीच ठेवतो. भाजायच्या कामात आर्मेचर तात्पुरतं हवं. काम स्वतःच्या पायावर उभं राहील इतकं घट्ट झालं की तारेने दोन भाग करा, सळई काढा, आतून दीड-दोन सेंटिमीटर जाडी ठेवून कोरा, आणि परत जोडा. किंवा आधार म्हणून चुरगळलेल्या वर्तमानपत्राचा गोळा वापरा. माती आकसते तसा तो दबतो आणि भट्टीत जळून जातो. धूर बराच होतो, तेव्हा भट्टी लावणाऱ्यांना आधी सांगा.

ताग या बाबतीत गुणी आहे. सुतळी स्लिपमध्ये बुडवून तिचे आकार वाळवले तर भट्टीत सुतळी जळते आणि तिच्या पिळाचं मातीचं कवच उरतं. नाजूक असतं, पण असतं. बडोद्यातच सुब्रमण्यन यांच्याकडे शिकलेल्या मृणालिनी मुखर्जी यांनी तागाच्या दोरांच्या गाठींतून माणसापेक्षा मोठी शिल्पं केली आणि नंतरच्या काळात मातीकडे वळल्या. त्यांची मातीची कामं बघताना मला नेहमी दोराचा पीळ आठवतो. गॅल्व्हनाइज्ड तार मात्र भट्टीत कधीच घालू नका. तिच्यावरचं जस्त तापून विषारी धूर देतं. साधी लोखंडी तारही ९०० अंशांच्या पुढे पापुद्रे धरून ठिसूळ होते. धातू, काच, लाकूड यांचा भाग भाजून झाल्यावर जोडा. त्यासाठी ओल्या मातीत आधीच खाच करून ठेवा, आणि ती खाच आकसण्याचा हिशेब धरून थोडी मोठी ठेवा.

भट्टीत फुटलेलं काम

आता आजीच्या पाठीकडे येते. भट्टीत काम तडकणं वेगळं आणि फुटणं वेगळं. फुटलेल्या कामाचे खपले, चकत्या उडतात, आणि उरलेल्या जागी खळगा राहतो. हे काम पाण्याचं. वाफ झाल्यावर पाणी सोळाशे पटींहून जास्त जागा मागतं. जाड मातीच्या पोटात राहिलेली ओल १०० अंशांच्या आसपास एकदम वाफ होते, तिला बाहेर जायला वाट मिळत नाही, आणि ती वाट फोडून काढते.

"हवेचा बुडबुडा राहिला म्हणून फुटलं" असं आम्ही सगळे म्हणतो. मीही म्हणत होते. पण नुसती हवा एवढी फुगत नाही. बुडबुडा असलेलं पण पूर्ण वाळलेलं काम नीट भाजून निघतं, आणि बुडबुडा नसलेलं पण ओलं, जाड काम फुटतं. मळायचं ते एकसारखेपणासाठी आणि ताकदीसाठी, त्यात कसूर नको. पण फुटण्याचं कारण शोधताना बुडबुड्यामागे लागलात तर खरी चूक तशीच राहते.

काम वाळलं की नाही हे कसं ठरवायचं? गालाला लावून बघतात, गार लागलं तर आत ओल आहे. ही पद्धत चांगली आहे, पण ती वरच्या थराचं सांगते. माझ्या आजीची पाठ गालाला अजिबात गार लागली नव्हती. आता मी वजन करते. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा लहान कामांना पुरतो, मोठ्यांना भाजीवाल्याचा किंवा भंगारवाल्याचा. रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिहायचं. वजन उतरतंय तोवर पाणी जातंय. लागोपाठ तीन दिवस एकच आकडा आला की मगच भट्टी. पावसाळ्यात यावरही भागत नाही, कारण हवाच इतकी दमट असते की माती तिच्याशी जुळवून थोडी ओल धरूनच बसते. तेव्हा ती ओल भट्टीतच काढावी लागते.

म्हणजे भट्टी ८०-९० अंशांवर कित्येक तास धरून ठेवायची, उकळीच्या खाली, वरचं भोक उघडं ठेवून. भोकासमोर काच किंवा आरसा धरलात आणि त्यावर बाष्प जमलं तर अजून थांबायचं. जाड कामाला मी रात्रभर मागते. मग तासाला पन्नास-साठ अंशांच्या चालीने वर. साधारण ३५० ते ६०० अंशांमध्ये मातीच्या रचनेतच बांधलेलं पाणी सुटतं, आणि ५७३ अंशांना तिच्यातला क्वार्ट्झ एकदम फुगतो, तेव्हा या टप्प्यातही घाई नको. पुढे ९०० ते १००० पर्यंत फारसा धोका नसतो.

पण भट्टीवर सगळा भार टाकू नका. खरी दुरुस्ती जाडीत आहे. साध्या मातीत दोन सेंटिमीटरच्या वर जाऊ नका. त्यापेक्षा जाड हवंच असेल तर मातीत ग्रॉग घाला, म्हणजे भाजलेल्या मातीचा चुरा. तो एकदा आकसून झालेला असतो, म्हणून एकूण आकसणं कमी होतं, आणि त्याच्या भोवतालच्या फटींतून वाफेला वाट मिळते. मी २० ते ३० टक्के घालते. चुरा करताना नाकावर चांगला मास्क लावा आणि जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. ही सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. बंद आकाराला खालून पेन्सिलीएवढं भोक ठेवा. ज्योत्स्ना भट्ट बडोद्यातच शिल्पकला शिकल्या आणि पुढे इथेच सिरॅमिक्स शिकवत राहिल्या. त्यांची मांजरं बघा, भरीव आणि जडशीळ वाटतात. पण भट्टीतून सुखरूप निघणारं असं गोल अंग आतून पोकळच असावं लागतं.

राजस्थानात नाथद्वाऱ्याजवळ मोलेला गावी देवतांच्या मातीच्या पाट्या करतात. तिथे मातीत गाढवाची लीद मिसळतात आणि पाटीवरच्या मूर्ती आतून पोकळ ठेवतात. लीद जळून जाते आणि मातीत बारीक वाटा सोडते. आपल्याकडच्या कुंभाराचं मडकं उघड्या भट्टीत काही तासांत भाजून निघतं, कारण ते पातळ असतं आणि त्याच्या मातीत वाळू किंवा राख असते. ते बघून "त्यांचं फुटत नाही, माझंच का" असं मला वाटायचं. त्यांची माती आणि त्यांची जाडी, दोन्ही आधीच भट्टीसाठी तयार असतात.

भट्टीतून आल्यावर दिसलेले तडे

स्वच्छ, धारदार कडांचा, केसासारखा बारीक तडा असेल तर तो बहुधा गार होताना गेलाय. ५७३ अंशांना क्वार्ट्झ परत आक्रसतो, आणि भट्टी लवकर उघडली तर वरून गार आणि आत गरम अशी ओढाताण होते. १०० अंशांच्या खाली येईपर्यंत झाकण उघडू नका, कितीही उत्सुकता असली तरी. तड्याच्या कडा बोथट, थोड्या मागे सरकलेल्या असतील तर तो वाळतानाच गेला होता आणि भट्टीत फक्त रुंदावला.

काम छान निघालं, आणि तीन आठवड्यांनी त्यावरून बोराएवढी खपली उडाली, खाली पांढरा ठिपका दिसला, असं झालं असेल तर ती चुनखडी. गुजरातच्या गाळाच्या मातीत कंकर, म्हणजे चुनखडीचा खडा, असतो. भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो, तो हवेतली ओल पितो, फुगतो आणि वरची माती ढकलतो. पावसाळ्यात हे जास्त. स्वतः खणून किंवा कुंभारवाड्यातून आणलेली माती आधी पाण्यात पूर्ण विरघळवून बारीक चाळणीतून गाळा. मी पिठाच्या चाळणीपेक्षा बारीक वापरते. पीओपीचे कणही अगदी असाच उपद्रव देतात, म्हणून साच्याचं काम आणि मातीचं काम एका टेबलावर करू नका. भाजलेलं काम भट्टीतून काढल्याबरोबर पाण्यात बुडवलं तर बारीक कण बऱ्याचदा शांत होतात, मोठे मात्र नाही.

तडा बुजवायचा असेल तर

कोरड्या तड्यात ओली माती भरू नका. ती आकसते आणि दुसऱ्या दिवशी तडा परत तिथेच. मी कागदी स्लिप वापरते. छपाई नसलेला कागद किंवा टिश्यू पाण्यात भिजवून मिक्सरमधून काढायचा, पाणी पिळायचं आणि त्याच मातीच्या दाट स्लिपमध्ये कालवायचा, मातीच्या साधारण चौथ्या हिश्शाइतका. दोन-चार थेंब व्हिनेगर. तडा आधी सुरीने थोडा रुंद करून कडा खरवडायच्या, ब्रशने ओलावायच्या, मग ही स्लिप आत दाबून थोडी वर उचललेली ठेवायची. सुकल्यावर घासून बरोबर करायची. तीन दिवसांत ती वापरा, नंतर कुजते आणि वास येतो. भार सोसणाऱ्या जागी, म्हणजे मान, घोटा, हँडल यांना हा उपाय धरत नाही. तिथे तो भाग काढून नवा करणं बरं.

आपल्या मातीची पट्टी

माती बदलायच्या आधी हे करा. मातीची १४ सेंटिमीटर लांब, ४ रुंद, १ जाड अशी पट्टी करा आणि ओली असताना तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा. वाळल्यावर रेघ मोजा. जितके मिलिमीटर कमी, तितके टक्के आकसलं. भाजून परत मोजा. तीन पट्ट्या करा, एक नुसत्या मातीची, एक १० टक्के ग्रॉगची, एक २५ टक्क्यांची. माझ्या मातीच्या पट्ट्यांवरची रेघ वाळल्यावर अनुक्रमे ९, ७ आणि ५ मिलिमीटरने कमी भरली. एका आठवड्यात कळलं, की मला माती नव्हे तर तिच्यातला चुरा बदलायचा होता.

हवेचं एक सांगून थांबते. एप्रिल-मेमध्ये बडोद्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत काम एका दुपारीत कडेने पांढरं पडतं. मी फ्रिजचं रिकामं खोकं वाळवण-कपाट म्हणून वापरते. काम आत, झाकण बंद, तळाशी ओल्या विटेचा तुकडा. रोज खोक्याला पेन्सिलीने एक-दोन भोकं वाढवायची. आठव्या-नवव्या दिवशी झाकण उघडं. पावसाळ्यात वीट नको, भोकं दुप्पट, आणि प्लास्टिक रोज उलटून पुसा, नाहीतर आतल्या थेंबांनी काम एकाच जागी भिजत राहतं.

आजीचं शिल्प मी परत करायला घेतलंय. या वेळी पाठ पावणेदोन सेंटिमीटर, सूप वेगळं, मातीत २५ टक्के ग्रॉग, आणि कंबरेत जिथे नऊवारीची कड येते तिथे काप घेऊन दोन भाग. आज वाळवणाचा अकरावा दिवस. काल सकाळी वजन ६ किलो ८४० ग्रॅम होतं, आज ६ किलो ७९०. अजून उतरतंय.